बेशुद्धीतली कुस्ती

"या मॅचमध्ये कुणी कुणाला धरायचं नाही," पप्पूशेठ म्हणाले, आणि हिरा आणि मी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तंबूतल्या छोट्या टीव्हीवर कॅसेट चालू होती. कुठल्याशा परदेशातल्या दोन बायका हातात फुगीर ग्लोव्ह्ज घालून एकमेकींना लाथा घालत होत्या. आम्ही दोघी तांबड्या मातीत वाढलेल्या. धरायचं नाही म्हटल्यावर हात ठेवायचे कुठे, हेच आम्हाला कळेना.

"मग करायचं काय?" हिराने विचारलं.

"ठोसे आणि लाथा. तीन फेऱ्या. आजवर कुठल्या जत्रेत कुणी दाखवलं नसेल. बायकांची कुस्ती, चॅम्पियनशिपचा पट्टा आणि नियम किकबॉक्सिंगचे!"

"कुस्ती म्हणायची आणि धरायचं नाही? म्हणजे ताटावर बसायचं आणि घास घ्यायचा नाही."

"लोकांना काहीतरी नवीन लागतं गं," शेठ म्हणाले.

पप्पूशेठ गुजर आमचे मालक. 'रणरागिणी रेसलिंग' नावाचा त्यांचा तंबू जत्रांमधून फिरायचा. कुणी जिंकायचं, कुणी हरायचं, हे शेठ सकाळच्या चहाला सांगायचे. मी, अनुसया शेवाळे, तिथे 'वारणेची वाघीण' होते. बार्शीची हिरा लोखंडे 'बिजली' होती. लाथ मारणारीने स्वतःच्याच मांडीवर चापट हाणायची, म्हणजे फट्ट असा आवाज येतो. खाणारीने मान झटकायची. हरणारीने शेवटी खांदे टेकून पडायचं. जालन्यात, परभणीत, नांदेडात मी मनसोक्त पाठ टेकली होती. तिथून आमच्या आबांच्या कानापर्यंत एसटी जात नव्हती.

पण या वेळची मॅच हिंगणवाडीच्या जत्रेत होती, आणि हिंगणवाडी माझं गाव.

आबा म्हणजे माझे वडील, शामू वस्ताद. गावची तालीम त्यांच्या वडिलांनी बांधलेली, पुढे त्यांनी चालवलेली. मुलगा नाही म्हणून पोरीला मातीत उतरवली, असं लोक म्हणायचे. आबा म्हणायचे, "पोरीचं खांदं बघा आन मग बोला." आता त्यांच्या गुडघ्यांनी संप केला होता आणि तालीम कुणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न गावापुढे होता. गावाचं मत माझ्या चुलत भावाच्या, संपतच्या बाजूने होतं. संपत तालमीतल्या मातीच्या हौद्यात शेवटचा कधी उतरला होता, ते हौद्यालाही आठवत नसेल. पण तो पुरुष होता आणि त्याच्याकडे मोटरसायकल होती. मला ती तालीम हवी होती. तिथे मला मुली उतरवायच्या होत्या, आणि त्या एका आशेवर मी तंबूतल्या चापटा सहन करत होते.

पाडव्याला मारुतीच्या देवळात पंचांसमोर आबांनी शब्द दिला होता. "जत्रंत अनूची कुस्ती हाय. गावादेखत तिची पाठ लागली, तर तालीम संपतची. न्हाई लागली, तर तालीम अनूची."

"काका, तंबूतली कुस्ती ती," संपत हसून म्हणाला होता. "खोटी असती."

"कुस्ती खोटी असंल," आबा म्हणाले होते. "पाठ खरी असती."

त्यामुळे शेठ कॅसेट बंद करायला उठले, तेव्हा मी सरळ विचारलं, "शेठ, हरायचं कुणी?"

"तू."

"माझ्या गावात?"

"बिजलीने पट्टा बांधलेली पोस्टरं छापून झाली, बाई. पुढच्या जत्रेची. आता काय वाघिणीचं तोंड चिकटवत बसू त्याच्यावर?"

तालीम गेली, असं मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा. हिरा माझ्याकडे बघत होती. तिला आबांच्या शब्दाचं काही ठाऊक नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हरायचं कसं?" मी विचारलं.

"तिसऱ्या फेरीत हिराची लाथ कानाखाली बसणार. तू कोसळायचं. पंच दहा आकडे मोजेपर्यंत उठायचं नाही. बेशुद्ध. संपलं."

"खांदे टेकायचे?"

"छे! किकबॉक्सिंगमध्ये ते नसतंच. कशीही पड. उताणी पड, पालथी पड."

"पालथी पडले तरी हरलेच?"

"हरलीसच की! का गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "चांगले नियम आहेत."

हरायला इतक्या आनंदाने मी कधीच तयार झाले नव्हते. शेठच्या हिशेबाने मी हरणार होते आणि आबांच्या हिशेबाने नाही. पट्टा हिराला, तालीम मला, आणि संपतला त्याची मोटरसायकल होतीच. एका दगडात किती पक्षी पडताहेत, ते बघून मला माझ्याच डोक्याचं कौतुक वाटलं.

शिकवायला तालुक्याहून कराटेचे घाडगे सर आले. शाळेतल्या मुलांना शिकवायचे. ग्लोव्ह्ज त्यांनीच आणले होते. सर अगदी सज्जन माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी हिराला माझ्या पोटात ठोसा मारायला सांगितलं. हिराने ठोसा उगारला, अर्ध्या वाटेत तिचा हात वळला आणि तिने माझी कंबर धरली. मीही सवयीने तिची मान दाबली.

"सोडा! सोडा!" सर ओरडले. "फाऊल!"

"धरलंय कुठं, सर?" हिरा म्हणाली. "नुसता हात लागला."

पुढचे सगळे दिवस असेच गेले. सरांचा बहुतेक वेळ आम्हाला सोडवण्यात जायचा. पण शेवटची लाथ मात्र आम्ही छान बसवली. हिराचा पाय माझ्या कानाजवळून जायचा, तिचा ग्लोव्ह मांडीवर आपटायचा, आणि मी गर्रकन फिरून धाडकन पालथी पडायचे. प्रत्येक वेळी पालथी.

"एकदा तरी उताणी पड की," हिरा म्हणाली. "तोंड दिसंल लोकांना."

"मला पालथंच बरं वाटतं."

"काय बाई एकेकीची आवड," असं म्हणून तिने विषय सोडला.

जत्रेच्या दिवशी ऊन कलल्यावर मॅच सुरू झाली. दरवर्षी कुस्त्यांचा फड भरतो त्याच मैदानात शेठनी दोरांची चौकट उभारली होती. गावात रीत अशी, की कुस्ती म्हटली की हलगी हवीच, म्हणून म्हादू हलगीवालाही येऊन बसला होता. पुढच्या खुर्चीवर आबा, डोक्याला फेटा, गुडघ्यांमध्ये काठी. त्यांच्या शेजारी संपत, काळा चष्मा लावून. त्यांच्यामागे अख्खी पंचक्रोशी.

पहिल्या फेरीत हिराने चार ठोसे हवेत मारले आणि मी तीन. म्हादूने हलगीवर हात ठेवला, पण वाजवायचं कशावर, ते त्याला समजेना. हलगी वाजते ती पकडीवर. इथे पकडच नव्हती.

"अगं धर की तिला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"भांडान हाय का काय ह्यांचं? लांबनंच हात हलवत्यात!"

शेठ माइकवरून म्हणाले, "रसिकहो, हे जागतिक नियम आहेत! धरायला बंदी आहे!"

"मग जागतिक जत्रंत न्या की!" उत्तर आलं, आणि सगळं मैदान हसलं.

दुसऱ्या फेरीत लोक भजी खायला उठले. आबा मात्र हलले नाहीत. त्यांची नजर माझ्या पायांवर होती. लहानपणी ती नजर पायावर पडली की माझा पाय आपोआप सरळ व्हायचा. त्या दिवशीही झाला.

तिसऱ्या फेरीत लाथ आली. वारा कानाला लागला, फट्ट झालं, मी गर्रकन फिरले आणि ठरल्याप्रमाणे पालथी कोसळले. पंच म्हणून उभ्या असलेल्या घाडगे सरांनी दहा आकडे मोजले, घंटा वाजली, आणि त्यांनी हिराचा हात वर केला. मी डोळे मिटून पडले होते आणि मनातून खूश होते. झालं, तालीम माझी.

टाळ्या मात्र आल्या नाहीत.

"पाठ कुठाय?" एक म्हातारा आवाज आला.

"पालथी हाय! पालथी हाय!"

"पाठ लागल्याबिगर हात कसा वर केला? ए मास्तर, खाली घे तो हात!"

"कुस्ती चालू हाय!" पंचवीस-तीस जण एकदम ओरडले, आणि म्हादूच्या हलगीने इतका वेळ अडवून धरलेला ठेका सुरू केला.

शेठ माइकवरून जागतिक नियम समजावत होते. एक चप्पल दोरांना आपटून माझ्याजवळ पडली. मग दुसरी पडली. मग शेठनी माइक बंद केला आणि दोरांजवळ येऊन ते दबक्या आवाजात हिराला म्हणाले, "उलटी कर तिला! लवकर! नाहीतर तंबू पेटवतील हे लोक!"

हिरा माझ्या अंगाशी गुडघे टेकून बसली. तिने ग्लोव्ह माझ्या काखेखाली घातला आणि कानाशी येऊन पुटपुटली, "अनू, वळ."

"मी बेशुद्ध आहे," मी ओठ न हलवता म्हणाले.

"मग बेशुद्धासारखी वळ की!"

"नाही वळणार."

"अगं, लोक चपला मारतायत!"

"मारू देत. आबा बसलेत."

"आबा बसलेत म्हणजे?"

"पाठ लागली तर माझी तालीम जाते. गप निघून जा, पट्टा घे."

तिचा ग्लोव्ह काखेतून निघाला. मला वाटलं, समजलं तिला. मग तिचा आवाज आला, आणि तो मी तंबूत कधी ऐकला नव्हता. "म्हणून पालथी पडत होतीस होय? रोज? आणि मी येडी तुला विचारत होते." ती चिडली होती. "बरं. मग राख पाठ. बघू."

दोऱ्या दातांनी सोडल्याचा आवाज आला. एक ग्लोव्ह माझ्या डोक्याजवळ पडला, मग दुसरा. मैदानावर असा आरडाओरडा झाला, जो आधीच्या तीन फेऱ्यांत मिळूनही झाला नव्हता. आणि हिराच्या उघड्या हाताची पकड माझ्या कमरेला बसली.

बार्शीची माणसं कशी धरतात, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आम्ही एकाच तंबूत लढलो होतो आणि एकदाही एकमेकींना खरं धरलं नव्हतं. तिने घिस्सा भरला. पालथ्या माणसाला लांगेला, म्हणजे लंगोटाला, धरून उलटा फेकायचा डाव तो. माझं पोट जमिनीवरून सुटलं. मी कोपर रोवलं, ग्लोव्ह्जनी खालचं कापड दाबून धरलं, ते फाटलं, तेव्हा त्याखालच्या मातीत मुठी रुतवल्या. डोळे मात्र मिटलेले. बेशुद्ध बाईचे डोळे मिटलेलेच असायला हवेत, एवढी अक्कल मला होती.

"बेशुद्धीत बघा कशी चिकटलीय!" कुणीतरी ओरडलं.

"वस्तादाची पोर हाय! बेशुद्ध झाली म्हणून काय झालं!"

हिरा एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने आली, पाठीवर स्वारी करून बसली, माझा हात ओढून काढला. तिचा घाम माझ्या मानेवर पडत होता. ती आता काही पुटपुटत नव्हती. दोनदा माझा एक खांदा मातीला लागला, दुसरा मी हवेत राखला. तिसऱ्यांदा मला कळून चुकलं, की ही आता मला उताणी करते. डोळे उघडले असते, तर तिचा पाय कुठे आहे ते दिसलं असतं, आणि तो ओढून मी तिलाच खाली घेतली असती. डाव मला येत होता. मी डोळे उघडले नाहीत.

"बास!"

हलगी थांबली. आबा दोर वाकवून आत आले होते, काठीशिवाय. त्यांनी आम्हा दोघींच्या मध्ये हात घातला, आपल्याकडे कुस्ती सोडवताना घालतात तसा, आणि हिरा लगेच बाजूला झाली.

"पाठ लागल्याली न्हाई," आबा गर्दीकडे बघून म्हणाले. एवढंच.

गाव नुसतं उसळलं. लोक दोरांमधून आत घुसले आणि मला खांद्यावर घेतलं. या सगळ्यात शुद्धीवर यायचं राहूनच गेलं होतं, ते मी घाईघाईने वरती उरकलं. तिकडे शेठ हिराच्या कमरेला पट्टा बांधून फोटो काढून घेत होते. संपतची मोटरसायकल दोन लाथांत सुरू झाली नाही, तिसऱ्या लाथेत झाली. त्या संध्याकाळी सगळ्यांत खरी लाथ तीच होती, असं मला वाटलं, आणि मी पोटभर हसले.

सकाळी आबांनी मला तालमीत बोलावलं. पंच आले होते. कोपऱ्यात हिराही उभी होती, हातात पिशवी, गाडीला निघालेली. आबांनी तिला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. मला वाटलं, पाहुणी म्हणून साडीचोळी करणार असतील.

आबांनी कडीतून कुलूप काढलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "शबुद दिला हुता. तालीम तुझी. दार तुझं, माती तुझी, छप्पर गळलं तर तेबी तुझं."

मी त्यांच्या पाया पडले. डोळ्यांत पाणी आलं होतं. उठून बघते तर आबा वाकून हौद्यातली चिमूटभर माती घेत होते. आमच्यात नव्या वस्तादाच्या कपाळाला हौद्यातली माती लावतात. मी पदर सारखा करून कपाळ पुढे केलं.

आबा माझ्या बाजूने गेले आणि त्यांनी माती हिराच्या कपाळाला लावली.

"वस्ताद, काय करताय?" हिरा घाबरून मागे सरली.

"उद्यापासनं हितं पोरी उतरत्याल. शिकीवशील?"

"मी? अहो, माझा तंबू..."

"त्यो सोड. मांडीवर चापटा मारून हात खराब हुतोय तुझा."

मला जमिनीने गिळावंसं वाटलं. तरी मी म्हणाले, "आबा, माझी पाठ लागली नाही ना?"

"न्हाई."

"मग?"

ते माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला लहानपणी डाव समजावायचे, तसे बोलले.

"लाथ तुझ्या कानापाशी आली आन आवाज तिच्या मांडीतनं आला. म्हातारा झालोय, आंधळा न्हाई. तंबूत पडलीस, त्याचा राग न्हाई, पोटासाठी मानूस पडतंय. पन नंतर त्या पोरीनं हातातलं काढून टाकलं. तितनं फुडं कुस्ती खरी हुती, अनू. तिला म्हाईत हुतं, मला म्हाईत हुतं, म्हादूच्या हलगीलाबी म्हाईत हुतं. आन तू डोळं मिटून पडलीस. तिचा पाय तुझ्या हातापाशी हुता."

"दिसला नाही, आबा."

"डोळं उघडलं असतंस तर दिसला असता." ते हौद्याच्या काठावर बसले. "तुझी चूक न्हाई. पाठ राख, पाठ राख, असं मीच तुला शिकवत बसलो. लढायचं शिकवायचं राहिलं."

किल्लीचा दात तळव्यात रुतत होता.

हिरा थांबली. शेठना त्याच आठवड्यात दुसरी बिजली मिळाली आणि पोस्टरं वाया गेली नाहीत. पट्टा हिराने तंबू सोडताना शेठकडून मागून घेतला होता, पत्र्याचा निघाला. आता तो तालमीत खुंटीला असतो, लिंबांच्या पिशवीशेजारी.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आबा गेले. तालमीत मुली मावत नाहीत, त्यांतल्या दोघी राज्याला खेळून आल्या. त्या हिराला 'वस्ताद' म्हणतात आणि मला 'काकी'. पहाटे दार मी उघडते. हौद्यात ताक, तेल, हळद मी घालते, माती मी उकरते. तालीम माझीच आहे, त्यात कुणी शंका घेत नाही.

आणि पालथ्या माणसाला कसं उलटायचं, हे दाखवायची वेळ आली, की हिरा मला हाक मारते. "अनू, ये गं. पड." मी पदर खोचून हौद्यात उतरते आणि पालथी पडते. मुली एकेक करून माझ्यावर हात आजमावतात. आजवर एकीलाही मला उलटता आलेलं नाही. नव्या मुली तोंडात बोट घालतात. "काकींची पाठ कधीच लागली नाही?" असं विचारतात. "कधीच नाही," हिरा सांगते, आणि हिंगणवाडीपुरतं ते खरं आहे. जालना, परभणी, नांदेड तिलाही आठवत असणारच.

मग ती काठावरून वाकते आणि दरवेळी तेच म्हणते, "डोळे उघडे ठेव गं."

मी उघडे ठेवते. तोंड मातीत असतं, त्यामुळे दिसत काही नाही.